हँडब्रेकचे काम करून आठ महिने झाले : वापरानंतरचा अनुभव

आमचे घर अंबाजोगाईत आहे. गाव बालाघाटाच्या चढउतारावर वसलेले, त्यात आमच्या गल्लीतून फाटकापर्यंत येणारा सिमेंटचा उतार चांगलाच तीव्र. त्यामुळे हँडब्रेक आमच्याकडे दिवसातून चार वेळा तरी कामाला लागतो. गाडी नऊ वर्षांची जुनी, पेट्रोलवर चालणारी, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा) असलेली छोटी हॅचबॅक आहे. गेल्या जूनपर्यंत ती ७८ हजार किलोमीटर धावली होती आणि मागचे ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक अडवणाऱ्या अर्धगोल पट्ट्या, तोवर एकदाही बदललेले नव्हते. गेल्या ऑगस्टमध्ये हँडब्रेकचे सगळे काम करून घेतले. त्याआधी दोन वेळा अर्धवट इलाज झाला होता, त्याचा अनुभवही इथे सांगितला पाहिजे, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडकते.

जूनमध्ये बाजार करून आलो, हँडब्रेकचा लिव्हर पूर्ण ओढला, इंजिन चालू ठेवूनच खाली उतरलो आणि पिशव्या काढायला डिकी उघडली. गाडी आवाज न करता, अगदी सावकाश, माझ्या गुडघ्यांकडे येऊ लागली. बाजूला झालो म्हणून निभावले. मागचा दिवा मात्र फाटकाच्या खांबावर फुटला. एरवी इंजिन बंद करून पहिला गिअर टाकायची सवय होती, आणि त्या सवयीनेच हा दोष किती दिवस झाकून ठेवला होता कोण जाणे. डॅशबोर्डवरचा लाल दिवा तर पहिल्याच खटक्याला लागतो. लिव्हर जागेवरून हलला एवढेच तो सांगतो, चाक धरले की नाही याचा त्याला पत्ता नसतो.

गावातल्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथे लिव्हरच्या मागचे प्लास्टिक उचकटून केबलचा नट चार-पाच आटे आवळला आणि पंधरा मिनिटांत गाडी परत दिली. पूर्वी लिव्हर दहा खटके वर यायचा, तो आता चार खटक्यांत घट्ट होऊ लागला. मी समाधानाने घरी आलो. तीन आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. पुन्हा गेलो, पुन्हा नट आवळला. या वेळी मात्र आणखी एक गोष्ट घडली : केजहून परत आलो तेव्हा डाव्या मागच्या चाकाशी जळका वास येत होता आणि रिमजवळ नुसता तळहात नेला तरी धग लागत होती. उजवे चाक थंडगार होते. दोन चाकांमधला हा फरक मी तेव्हाच ओळखायला हवा होता.

शेवटी लातूरच्या एका वयस्कर फिटरकडे गाडी दाखवली. त्यांनी आधी लिव्हरला हातच लावला नाही. सपाट फरशीवर पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, मागची बाजू जॅकने उचलून लोखंडी टेकूंवर (घोड्यांवर) ठेवली, गिअर न्यूट्रल केला आणि मला म्हणाले, ‘सर, आता एकेक खटका ओढा, मी सांगतो तेव्हा थांबा.’ तिसऱ्या खटक्याला डावे चाक हाताने फिरेना. उजवे चाक लिव्हर शेवटपर्यंत ओढूनही आरामात फिरत राहिले. म्हणजे इतके दिवस सबंध गाडी एकाच चाकावर तोलली जात होती.

याचे कारण त्यांनी समजावून सांगितले ते असे. लिव्हरची ओढ एका आडव्या पट्टीमार्फत मागच्या दोन्ही चाकांच्या केबलना सारखी वाटली जाते. उजव्या केबलचे वरचे रबरी आवरण मागच्या अॅक्सलजवळ फाटले होते. त्यातून पावसाळ्याचे पाणी आणि आपल्याकडची काळी माती आत जाऊन तार गंजली होती. ओढ गंजातच जिरत होती, शूपर्यंत पोहोचतच नव्हती. हाताला मात्र लिव्हर जडच लागायचा, आणि लिव्हर जड लागला म्हणजे ब्रेक लागला असे आपण धरून चालतो.

ड्रम काढताना पाहण्यासारखे होते. कडेला गंज धरल्यामुळे तो हातोडीला दाद देईना. तेव्हा ड्रमच्या तोंडावर जी दोन आटे पाडलेली भोके असतात त्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट घालून, एकदा हा एकदा तो असे थोडे थोडे आवळत त्यांनी तो बाहेर ढकलला. आत शूचे लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा वरचा थर, पूर्ण झिजले नव्हते, पण काचेसारखे चकचकीत झाले होते, नख ओढले तरी ओरखडा उठत नव्हता. दोन शूंच्या मधला अॅडजस्टर, म्हणजे दातेरी चाकीचा दांडा, गंजून जाम झाला होता. लायनर झिजतो तसा पायाच्या ब्रेकबरोबर हा दांडा एकेक दाता फिरून लांब होतो आणि शू ड्रमच्या जवळ आणून ठेवतो. तो जाम झाला की शू आणि ड्रम यांच्यातली फट वाढत जाते आणि लिव्हर वर वर येऊ लागतो. अशा वेळी फक्त केबल आवळली तर फट तशीच राहते, शूला जोडलेली आतली पट्टी कायमची अर्धी ओढलेली राहते आणि अॅडजस्टरला काम करायला वावच उरत नाही. डावे चाक तापण्याचे कारण तेच. म्हणून आधी केबल पूर्ण सैल सोडायची, मग ड्रमजवळ अॅडजस्टर फिरवून शू बसवायचे, पायाचा ब्रेक पुष्कळदा दाबायचा आणि सर्वांत शेवटी केबलचा नट धरायचा, हा क्रम त्यांनी कटाक्षाने पाळला. गॅरेजवाल्यांनी सुरुवात शेवटच्या पायरीपासून केली होती.

पायाचा ब्रेक दाबल्यावर शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे रबर त्यांनी उलटवून पाहिले. ते कोरडे निघाले. तिथून ब्रेक ऑइल गळत असते तर नवे शूसुद्धा महिन्याभरात वाया गेले असते. आतली भुकटी हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसली, हेही मला आवडले. दोन्ही बाजूंचे चार शू, स्प्रिंगांचा संच आणि उजवी केबल असे नवे सामान पडले. अॅडजस्टर साफ करून आट्यांना उष्णतेत टिकणारे ग्रीस लावून तेच परत बसवले. मजुरीसह सगळा खर्च ३,४०० रुपये आला. आधीच्या दोन आवळण्यांचे सहाशे आणि दिव्याचे अकराशे मी वेगळे धरतो.

आता आठ महिन्यांचा हिशेब. पहिले दोन आठवडे हँडब्रेक सहा खटक्यांना धरत होता, पण मागून हलकी करकर यायची आणि उतारावर किंचित सरकल्याचा भास व्हायचा. नवा लायनर ड्रमवर पूर्ण टेकायला तेवढा वेळ लागतो. पाचशे किलोमीटरनंतर आवाज गेला. महिन्याने खटके सात झाले, तेव्हा फिटरने एकदाच नट थोडा आवळला, कारण नवी केबल सुरुवातीला थोडी ताणते. त्यानंतर सहा खटके कायम आहेत. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास मांजरसुंब्याजवळ कपिलधारला गेलो होतो, तिथे खाली उतरणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग अर्धा तास थांबली. चार माणसे बसलेली गाडी जागची हलली नाही. तापणे बंद झाले.

एक त्रास मात्र नव्याने सुरू झाला. डिसेंबरमध्ये गाडी धुऊन, हँडब्रेक ओढून चार दिवस बाहेरगावी गेलो. परत येऊन लिव्हर सोडला तरी गाडी हलेना. क्लच सोडताच मागून ‘ठक्’ असा आवाज होऊन ती सुटली. ओला ड्रम गंजून शूला चिकटला होता. फिटरच्या मते यात बिघाड काहीच नाही. तेव्हापासून गाडी धुतली की गल्लीत दोन फेऱ्या मारून ब्रेक वाळवतो, आणि बरेच दिवस गाडी ठेवायची असेल तर सपाट जागी गिअरमध्ये, चाकाला दगड लावून ठेवतो. मागेही डिस्क असलेल्या गाड्यांची रचना निराळी असते, त्यांना हे सगळे जसेच्या तसे लागू होणार नाही.

डावी केबल तेव्हा सुस्थितीत वाटली म्हणून जुनीच ठेवली, ती काटकसर आता खटकते आहे. परवा पुन्हा चाके उचलून पाहिले तर उजवे चाक पाचव्या खटक्याला धरते आणि डावे सहाव्याला. फरक एकाच खटक्याचा आहे, पण पावसाळ्याआधी मे महिन्यात ती केबलही बदलून घेणार आहे.