मिशिगन सरोवरातील सॅमन आणि भाड्याची बोट

विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकीच्या मॅककिन्ली मरीनातून जुलैच्या अखेरीस आम्ही सॅमनच्या मासेमारीसाठी जी चार्टर बोट घेतली होती, तिच्याविषयीचे मत आधीच सांगून टाकतो: मासे मिळवून देण्यात तिचा हात धरणारे थोडे असतील, मासेमारी शिकवण्यात तिला फारसा रस नाही, आणि तिच्या दरपत्रकात सगळे काही लिहिलेले नाही. शिकागोच्या उपनगरांतील मराठी घरांमध्ये उन्हाळ्यात भारतातून पाहुणे आले की अशा बोटींची चौकशी सुरू होते, पण पैसे भरताना आपण नेमके काय विकत घेत आहोत हे बहुतेकांना ठाऊक नसते, म्हणून जरा तपशिलात लिहीत आहे.

बोट बत्तीस फुटी होती. तिच्यावर कॅप्टन आणि त्याचा मदतनीस, म्हणजे येथील भाषेत फर्स्ट मेट, असे दोघे होते. काठ्या, रिळे, गळ, बर्फ आणि लाइफ जॅकेट हे सारे भाड्यात धरलेले होते. सहा तासांचे भाडे सातशे ऐंशी डॉलर पडले. हे भाडे माणशी नसून बोटीचे असते, त्यामुळे तिघे गेलात तरी तेवढेच मोजावे लागतात आणि सहाजण जमवणे शहाणपणाचे ठरते. सातव्या माणसाला मात्र कितीही आग्रह केला तरी घेत नाहीत, कारण या लहान बोटींच्या कॅप्टनकडे कोस्ट गार्डचा जो परवाना असतो, त्याची मर्यादाच सहा प्रवाशांची आहे. आरक्षणापूर्वी तो परवाना आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. आम्ही विचारले तेव्हा कॅप्टनने कपाळाला आठी न घालता तो दाखवला.

प्रवाशांचा मासेमारीचा परवाना मात्र भाड्यात येत नाही. विस्कॉन्सिनमध्ये सोळा वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला तो लागतो, आणि मिशिगन सरोवरात सॅमन किंवा ट्राउट धरायचा तर त्यावर वेगळा शिक्काही घ्यावा लागतो. आपल्यासारख्या दिवसभरासाठी येणाऱ्यांना ग्रेट लेक्सचा, म्हणजे या महासरोवरांपुरता, दोन दिवसांचा परवाना सोयीचा पडतो, कारण शिक्का त्यातच धरलेला असतो. तो आदल्या संध्याकाळी घरूनच काढून ठेवावा. पहाटे चार वाजता धक्क्यावर उभे राहून फोनवर पासवर्ड आठवत बसण्याची पाळी आमच्या एका मित्रावर आली, आणि बोट त्याच्यासाठी खोळंबली.

या सरोवरात सॅमन मुळात नव्हताच, ही गोष्ट बोटीवर कोणी सांगत नाही. सांगितली तर पुढचे बरेच काही समजते. समुद्रातून शिरलेला, इतर माशांचे रक्त शोषणारा लॅम्प्री आणि बेसुमार मासेमारी यांच्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथील मूळचा शिकारी मासा, म्हणजे लेक ट्राउट, जवळजवळ नाहीसा झाला. खाणारा कोणी उरला नाही, तेव्हा तारलीच्या जातकुळीतला एलवाइफ नावाचा बाहेरून आलेला मासा बेसुमार वाढला, आणि १९६७ च्या उन्हाळ्यात तर तो मरून किनाऱ्यावर त्याचे ढीग लागले. या वाढत्या एलवाइफवर उतारा म्हणून मिशिगन राज्याने त्याआधीच, १९६६ मध्ये, प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरील कोहो सॅमनची पिले या पाण्याला मिळणाऱ्या प्रवाहांत सोडली आणि पुढच्याच वर्षी चिनूक या मोठ्या सॅमनची सोडली. आज ज्या धंद्यावर या बंदरांतील बोटी चालतात, तो त्या प्रयोगातून उभा राहिला. चिनूकचे पोट मुख्यतः एलवाइफवर भरते. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ कोसळला, तसा तेथील चिनूकही गेला, आणि त्या धड्यानंतर २०१३ मध्ये मिशिगन सरोवरातही चिनूकची पिले सोडण्याचे प्रमाण मुद्दाम कमी करण्यात आले. त्यामुळे "पूर्वी अर्ध्या तासात खोके भरत असे" असे जुने लोक सांगतात तेव्हा त्यात केवळ बढाई असते असे नाही.

साडेचारला बोट सुटली. इतक्या पहाटे निघण्याचे कारण मी विचारले, तेव्हा कॅप्टनने शिंपल्यांचे नाव घेतले. क्वागा नावाचे चिमुकले शिंपले तळाशी पसरल्यापासून पाणी गाळले जाऊन कमालीचे नितळ झाले आहे, ऊन खोलवर पोहोचते, आणि मासा उजाडताच खाली उतरतो. म्हणून सूर्योदयाच्या आगेमागे जो तास-दीड तास मिळतो तोच सोन्याचा. अंधारात मदतनीस प्रत्येक चमच्यासारख्या पत्र्यावर, ज्याला येथे स्पूनच म्हणतात, अतिनील प्रकाशाचा दिवा धरून त्याला चमक चढवत होता, आणि तो पाण्यात सोडला की हिरवट ठिपका खाली जाताना काही क्षण दिसत राही. माझ्या बहिणीची मुले रेलिंगला चिकटून हे एवढेच पाहत होती, आणि त्यांना नंतरच्या माशांपेक्षा हेच अधिक लक्षात राहिले आहे.

ज्यासाठी पैसे द्यावेत, ते काम कॅप्टनचे. सुमारे ५८,००० चौरस किलोमीटरच्या आणि सर्वांत खोल जागी २८१ मीटर असलेल्या सरोवरात मासा नेमका कोठे आहे, हे बोट किंवा काठी सांगत नाही. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते, खालचे गारच राहते, आणि दोहोंच्या मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा एक थर तयार होतो. चिनूकला साधारण अकरा ते तेरा अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, म्हणून तो त्या थराच्या आसपास घुटमळतो. हा थर एका जागी राहत नाही. पश्चिमेचा वारा सुटला की तो विस्कॉन्सिनच्या किनाऱ्यालगतचे ऊबदार पाणी सरोवराच्या मध्याकडे ढकलतो आणि त्याच्या जागी खालचे गार पाणी वर येते, तेव्हा मासा किनाऱ्याजवळ आणि कमी खोलीवर सापडतो. पूर्वेचा वारा लागला तर ऊबदार पाणी या बाजूला साचते आणि गार थर खोल जातो. आमच्या आधीचे दोन दिवस वारा पूर्वेचा होता. वरचे पाणी एकवीस अंशांचे होते. कॅप्टनने बंदरातून बाहेर पडताच शेजारच्या बोटींच्या घोळक्यात न थांबता सरळ आत, दीडशे फूट खोल पाण्यापर्यंत बोट नेली, आणि गोळ्याला बांधलेल्या तापमापकाकडे पाहून ओळी, म्हणजे गळ लावलेल्या दोऱ्या, नव्वद फुटांवर सोडायला सांगितल्या. वीस मिनिटांत पहिली काठी वाजली.

गोळा म्हणजे डाउनरिगरचा गोळा. सुमारे पाच किलोचे हे शिसे पोलादी तारेने खाली सोडतात, आपली दोरी त्याला चिमट्याने अडकवतात, आणि मासा लागला की चिमटा सुटून वाकलेली काठी ताडकन सरळ होते. शिवाय बाजूला पसरणाऱ्या फळ्या आणि तिरके खाली शिरणारे डायव्हर लावून दहा-बारा ओळी एकमेकींत न गुंतवता तासाला जेमतेम चार किलोमीटरच्या वेगाने ओढत न्यायच्या, हा प्रकार पाहताना मदतनिसाच्या हातांविषयी आदर वाटतो. वळण घेताना बोट किती सावकाश फिरवावी, कोणती ओळ आधी आत घ्यावी, याविषयी त्याच्यात आणि कॅप्टनमध्ये अर्ध्या शब्दांत बोलणे होई. परतेपर्यंत बर्फाच्या खोक्यात पाच चिनूक, दोन स्टीलहेड (ट्राउटचाच एक प्रकार) आणि एक लेक ट्राउट जमा झाले. सर्वांत मोठा चिनूक आठ किलोंच्या आतबाहेर होता. माणशी पाचांची कायदेशीर मर्यादा लांबच राहिली, पण जुलैच्या अखेरीस पूर्वेच्या वाऱ्यानंतर हा चांगला दिवस समजतात.

आता तक्रार. काठी वाजली की मदतनीस धावतो, ती उचलतो, दोरी ताणून मासा पक्का झाल्याची खात्री करतो आणि मग ज्याची पाळी असेल त्याच्या हाती देतो. पाहुण्याने करायचे ते इतकेच, की काठी वर उचलावी, खाली आणताना रीळ फिरवावे, आणि मासा पळाला तर त्याला दोरी घेऊ द्यावी. आठ किलोंचा चिनूक पंधरा मिनिटे दमवतो, त्या पंधरा मिनिटांत मजा नाही असे मी म्हणणार नाही. पण गळ कोणता लावला, तो इतक्या खोलीवर का, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि विचारले तर उत्तर कॅप्टनकडून मिळते, तेही त्याची नजर यंत्राच्या पडद्यावरून हटली तर. भावोजी मालवणचे, लहानपणी रापण ओढलेली माणसे. त्यांनी एक ओळ आपल्या हाताने सोडू देण्याची विनंती केली, तेव्हा मदतनिसाने हसून "नंतर" म्हटले आणि ती वेळ आलीच नाही. ओळींचा गुंता झाला तर सर्वांचीच सकाळ वाया जाते, हे त्याचे कारण मला पटते. तरीही इतके पैसे मोजणाऱ्याला एक ओळ, तीही दिवस चढल्यावर मासे मंदावतात तेव्हा, सोडू द्यायला काय हरकत आहे? ज्यांना हे हवे असेल त्यांनी आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. असे कळवल्यास शेवटचा तास शिकण्यासाठी राखून ठेवणारे कॅप्टन याच बंदरात आहेत, असे धक्क्यावरील इतरांकडून समजले.

समुद्राची सवय आहे म्हणून या पाण्याला कोणी गृहीत धरू नये. येथील लाटा आखूड आणि एकापाठोपाठ येणाऱ्या असतात, आणि चार किलोमीटरच्या वेगाने जाणारी बोट त्यांवर घाटातल्या एसटीसारखी सतत हेलपाटते. उलटीची गोळी आदल्या रात्री एक आणि निघण्यापूर्वी एक घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी कामाची नाही. लाटा फार मोठ्या असल्या तर कॅप्टन स्वतः फेरी रद्द करतो आणि अनामत पुढच्या तारखेला वळती करतो, मात्र पाऊस हे रद्द करण्याचे कारण मानत नाहीत. न्याहारीसाठी थालीपिठे नेली होती, त्यांचे स्वागत झाले. केळ्यांचे मात्र झाले नाही: बोटीवर केळे अपशकुनी, अशी या धंद्यात जुनी समजूत आहे, आणि आमच्या पिशवीतला घड पाहून कॅप्टनने तो गंभीर चेहऱ्याने धक्क्यावरच ठेवायला लावला.

परतल्यावर धक्क्यावरच्या टेबलावर मदतनिसाने आठही मासे ज्या सफाईने सोलले ते पाहण्यासारखे होते. चिनूकच्या एका मादीच्या पोटातून नारिंगी गाबोळीची मोठी पिशवी निघाली आणि भावोजींचे डोळे चमकले, पण त्याआधीच ती एका डब्यात गेली होती. शरद ऋतूत नदीत स्टीलहेड धरण्यासाठी ही अंडी मुरवून आमिष म्हणून वापरतात. मागितल्यावर त्याने अर्धी दिली. डोकी तो कचऱ्यात टाकणार होता, तीही मागून घ्यावी लागली. आणि मग मासे साफ करण्याचे पंचेचाळीस डॉलर वेगळे सांगितले गेले, ज्यांचा उल्लेख ना दरपत्रकात होता ना आरक्षणाच्या ईमेलमध्ये. मदतनिसाला भाड्याच्या पंधरा ते वीस टक्के बक्षिसी देण्याची रीत आहे, ती आम्हाला ठाऊक होती आणि त्याने ती कमावलीही होती. साफसफाईचे पैसे मात्र आधी सांगायला हवे होते. म्हणजे सहाजण गेले तरी सगळे धरून माणशी दीडशे डॉलरच्या वर जातात, असाच हिशेब ठेवावा.

खाण्याविषयी एक गोष्ट गंभीरपणे. या सरोवरातील मोठ्या, चरबीदार माशांमध्ये पीसीबी नावाची औद्योगिक रसायने साठतात आणि विस्कॉन्सिन राज्य त्यासाठी कोणता मासा किती वेळा खावा याचा सल्ला दरवर्षी प्रसिद्ध करते. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनी तो वाचल्याशिवाय ताटात मासा घेऊ नये. ही रसायने चरबीत राहतात, म्हणून कातडी काढावी, पाठीवरची आणि पोटाकडची चरबी कापून टाकावी आणि चरबी गळून जाईल अशा रीतीने जाळीवर भाजावे. आपली अडचण अशी की कालवणात ती चरबी रश्शातच उतरते आणि रस्सा आपण भातावर घेतो. मोठ्या चिनूकची डोकी म्हणूनच भावोजींची नाराजी पत्करून टाकून दिली. लहान स्टीलहेडचे तुकडे हळद, मीठ, कोकमाचे आगळ आणि लाल तिखट लावून भाजले, ते उत्तम झाले. सॅमनचा मूळचा स्निग्धपणा आगळामुळे मोडतो. ऑगस्टच्या उत्तरार्धात चिनूक विणीच्या तयारीला लागला की त्याचे मांस फिकट आणि भुसभुशीत होते, तेव्हा खाण्यासाठी जायचे असेल तर जुलै गाठावा.

चांगल्या कॅप्टनच्या जुलैमधल्या शनिवार-रविवारच्या तारखा लवकर भरतात, आठवड्याच्या मधल्या दिवशी मात्र आयत्या वेळीही बोट मिळू शकते. आणि ज्यांना मासा मिळो न मिळो, स्वतःच्या हाताने गळ टाकायचा आहे, त्यांनी बोटीचा खर्च वाचवून त्याच परवान्यावर मॅककिन्लीच्या धक्क्यावर उभे राहावे. सप्टेंबरअखेर सॅमन बंदराच्या आत येतो तेव्हा तेथे स्थानिक लोक रात्रभर काठ्या लावून बसलेले असतात, आणि विचारले तर कोणता स्पून लावला आहे हे ते फुकट सांगतात.