शैक्षणिक कर्ज : २७ हप्ते भरल्यानंतरचा अनुभव

मी बी.एस्सी. नर्सिंग केलंय आणि पुण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूमध्ये स्टाफ नर्स आहे. गाव लातूर जिल्ह्यात, घरी कोरडवाहू सोयाबीन. २०१८ साली प्रवेश घेतला तेव्हा एका सरकारी बँकेतून ४ लाखांचं कर्ज काढलं. तारण नव्हतं, पण सहकर्जदार म्हणून वडिलांची, म्हणजे आप्पांची, सही होती. पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये गेला, डिसेंबर २०२५ पर्यंत २७ झाले. कर्ज कसं मिळतं याची माहिती पुष्कळ ठिकाणी सापडते. वीस-बावीस हजार पगारात ते फेडायचं कसं, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सगळे आकडे मांडून लिहितेय.

आधी ज्या गोष्टीने मला रडवलं ती. कर्ज ४ लाखांचं, पण पहिल्या हप्त्याच्या वेळी खात्यावर होते ५ लाख ३३ हजार. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असतं. दरवर्षी कॉलेजला १ लाख गेले. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. साडेनऊ टक्क्यांच्या आसपास सरळव्याजाने १ लाख ३३ हजार होतात, आणि हप्ता सुरू होताना ते मुद्दलात मिळवले जातात. तिथून पुढे त्या व्याजावरही व्याज. आम्हाला वाटायचं, हप्ता नाही म्हणजे काही वाढत नाही.

यातलं बरंचसं टळलं असतं. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर या काळातलं व्याज भरणारी केंद्र सरकारची योजना २००९ पासून आहे. आमचं उत्पन्न त्याच्या कितीतरी खाली. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला कर्जाच्या फायलीत लावलेला होता, पण शाखेतून मागणी पुढे गेलीच नाही, आणि मी विचारायला गेले तेव्हा मुदत उलटून वर्षं झाली होती. याचा राग अजून जात नाही. तुम्ही शिकत असाल तर दरवर्षी शाखेत जाऊन माझं अनुदान मागितलं का, हे विचारा आणि अर्जाची पोच घ्या. नव्याने कर्ज काढणाऱ्यांनी पीएम विद्यालक्ष्मीही पाहावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंतच्या व्याजात ३ टक्के सवलत आहे. फक्त कॉलेज त्यांच्या यादीत असावं लागतं.

दुसरी चूक माझी स्वतःची. नोकरी जानेवारी २०२३ मध्ये लागली आणि हप्ता ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. मधले नऊ महिने पगार येत होता आणि मी कर्जाकडे पाहिलंही नाही. महिन्याला ३,००० भरले असते तर २७,००० कमी झाले असते, आणि तेवढ्याच रकमेचे दहा वर्षांच्या हप्त्यांत जवळजवळ ४२,००० होतात. हप्ता सुरू व्हायच्या आधीही खात्यात पैसे भरता येतात. शिकत असताना व्याज भरत राहिलं तर बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट देतात, हेही मला नंतर कळलं.

हप्ता बसला ६,८९७ चा, मुदत दहा वर्षं. हातात पगार येत होता २१,४००. हडपसरला कॉट बेसिसवर ४,५००, डबा २,८००, घरी २,५००, बसचा पास, मोबाइल आणि सटरफटर मिळून १,५००. उरायचे ३,२००. पहिल्या हप्त्यातले ४,२२० व्याजात गेले आणि मुद्दल फिटलं २,६७७. नाइट संपवून रूमवर येऊन स्टेटमेंट पाहिलं होतं, मग झोपच लागली नाही.

तिसऱ्या महिन्यात पगार ९ तारखेला झाला आणि हप्ता ५ ला होता. बाउन्स झाला, दंड लागला, आणि मेसेज माझ्याबरोबर आप्पांच्या फोनवरही गेला. शेतातून फोन केला त्यांनी. "बाई, तुला पैसे कमी पडायलेत का गं? पीककर्जातले देऊ का?" सहकर्जदार असल्याने माझा उशीर त्यांच्याही सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, दिसतो आणि त्यांना दरवर्षी पीककर्ज लागतं. दुसऱ्याच दिवशी शाखेत जाऊन हप्त्याची तारीख १० करून घेतली. अर्ध्या तासाचं काम होतं, पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

पहिले पाच महिने जादा काही भरलं नाही. महिन्याला ३,००० असे १५,००० वेगळ्या खात्यात ठेवले. एखाद्या महिन्यात पगार अडकला तरी दोन हप्ते निघाले पाहिजेत, एवढाच हिशोब. हे आधी केल्याचं मला समाधान आहे, कारण त्यानंतर एकही हप्ता चुकला नाही.

मार्च २०२४ पासून दरमहा २,००० जादा भरायला लागले आणि उरलेले १,००० वॉर्डातल्या भिशीत. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पहिल्या तीन महिन्यांचे जादा पैसे बँकेने पुढच्या हप्त्यांसाठी आगाऊ जमा म्हणून धरून ठेवले होते, मुद्दल तसंच. ॲपवर शिल्लक अपेक्षेएवढी कमी दिसेना म्हणून विचारलं तेव्हा उलगडा झाला. "जादा भरलेली रक्कम मुद्दलात वळती करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी" असा लेखी अर्ज दिला, मग नीट चालू झालं. काउंटरवर एकदा सांगितलं गेलं की मुदतीआधी भरलं तर दंड लागतो. तसं नाही. व्यक्तींना दिलेल्या तरत्या (फ्लोटिंग) व्याजदराच्या कर्जावर असा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१४ पासूनच बँकांना मनाई केली आहे. हे शांतपणे सांगितलं, तर साहेबांनी स्वतः तपासून मान्य केलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये भिशीचा नंबर लागला, त्याचे १२,००० सरळ कर्जात. दिवाळीचा बोनस २०२४ ला ७,०००, २०२५ ला ८,०००, दोन्ही तिथेच. सगळं धरून ७१,००० जादा गेले. शिल्लक आता ३ लाख ७५ हजारांच्या आसपास आहे. नुसते हप्ते भरले असते तर ती साडेचार लाखांच्या वर असती. आत्तापर्यंत वाचलेलं व्याज साडेसहा हजारांच्या घरात, म्हणजे अजून फार मोठं नाही. खरा फरक मुदतीत पडलाय. याच गतीने गेले तर सप्टेंबर २०३३ ऐवजी २०३० च्या सुरुवातीला खातं संपतं. साडेतीन वर्षं!

दराचंही सांगते. ऑक्टोबर २०१९ आधीची बरीच कर्जं एमसीएलआरला, म्हणजे बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दराला, बांधलेली आहेत, माझंही होतं. फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला ६.५० टक्क्यांवर असलेला रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) जूनपर्यंत ५.५० वर आला, पण माझा दर जागचा हलेना. मग थोडं शुल्क भरून कर्ज रेपोशी जोडलेल्या दरावर नेलं आणि दर अर्ध्या टक्क्याहून जरा जास्त उतरला. हप्ता मी कमी करू दिला नाही. प्राप्तिकराच्या ८०ई कलमाचा गवगवा खूप ऐकला होता. त्यात व्याजावर वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. आमच्यासारख्यांच्या पगारावर मुळात कर बसत नाही, त्यामुळे आम्हाला त्याचा शून्य उपयोग.

या दोन वर्षांत काय सोडलं ते लपवणार नाही. बरोबरच्या दोघी जर्मन शिकून परदेशी जायच्या तयारीला लागल्या, मला क्लासची फी परवडली नाही. आयसीयूत बारा तास उभं राहून दुखणारे पाय वर्षभर साध्या चपलांवर काढले, आणि ती बचत चुकीची होती. एप्रिल २०२५ मध्ये पगार २४,६०० झाल्यावर पहिल्यांदा चांगले बूट घेतले. कर्ज घेतल्याचा पश्चात्ताप नाही. त्याच्याशिवाय मी रजिस्टर्ड नर्स झालेच नसते, आणि लातूरच्या त्या शाखेने बिनतारणी कर्ज दिलं नसतं तर आप्पांनी जमीन गहाण ठेवली असती.

जानेवारीपासून जादा रक्कम ४,००० करतेय. ती टिकली तर आणखी ४० हप्ते. कर्ज फिटल्याचा दाखला घ्यायला आप्पांना बरोबर न्यायचंय, कागदावर सही त्यांचीही आहे. दर महिन्याच्या १० तारखेला त्यांना मेसेज जातो आणि संध्याकाळी फोन येतो, "किती राह्यलं गं बाई?" मी आकडा सांगते, ते कॅलेंडरवर लिहून ठेवतात.