सोलर बंब: काचेच्या नळ्या की तांब्याचं पॅनेल?

साताऱ्यात किंवा सांगलीत थंडीने घरातला पाइप फुटला असं कुणी म्हणालं, तर आधी प्लंबरचं काम तपासा. पहाटे पारा दहा-बारावर उतरला की लोक स्वेटर बाहेर काढतात, पाणी मात्र गोठत नाही. गोठण्याची भीती आहे ती महाबळेश्वरात, वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या खोलगट भागात. तिथेही धोका गच्चीवरच्या सोलरला, घरातल्या नळाला नाही.

थंड हवा जड असते, ती उतारावरून खाली येऊन खोलगटात साचते. त्यात आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता सरळ आकाशात टाकते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडते. हवेत चार-पाच अंश असताना गाडीच्या टपावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठतं ते यामुळेच. गच्चीवरचं पॅनेलही तसंच आकाशाकडे तोंड करून पडलेलं असतं.

एफपीसी, म्हणजे सपाट पॅनेल. यात काचेखाली साधारण अर्ध्या इंचाच्या तांब्याच्या उभ्या नळ्या असतात. पाणी गोठताना जवळजवळ नऊ टक्के फुगतं. बर्फाचा बोळा नळीत बसला की पलीकडचं पाणी कोंडून दाब वाढतो आणि नळी किंवा सांधा तिथे फाटतो. त्यामुळे बर्फ एकीकडे आणि भेग दुसरीकडे सापडते. गळती रात्री कळतही नाही, ऊन लागून बर्फ वितळला की सकाळी धार लागते.

ईटीसी, म्हणजे काचेच्या नळ्या. या दुहेरी काचेच्या असतात आणि मधली हवा काढलेली असते. थर्मासच म्हणा. ५८ मिलिमीटर जाडीच्या, १,८०० मिलिमीटर लांबीच्या एका नळीत अडीच लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं. आपल्याकडच्या थंडीत ते रात्रभरात गोठत नाही. फक्त थंडीचा विचार केला तर इथेच निर्णय झाला असता.

पण महाबळेश्वर-पाचगणीला माकडं आहेत. एफपीसीची जाड टफन्ड काच माकडाच्या उडीला सहसा दाद देत नाही, ईटीसीची नळी देते. आणि एक नळी फुटली की त्या भोकातून टाकी रिकामी होते. वर जाळी लावायची तर ती आधीच हिशेबात धरा. बारीक जाळी ऊन अडवते, म्हणून भोकं मोठी हवीत. दुसरी खोड अशी, की भर दुपारी रिकाम्या, तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडलं तर काच तडकते. बंगला आठवडाभर बंद ठेवून आल्यावर टाकी रिकामी दिसली, तर ती संध्याकाळी किंवा उजाडण्याआधीच भरा.

आता सांगलीकडे. इथे प्रश्न थंडीचा नाही, पाण्याचा आहे. जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडचं बोअर असो की वाळवा-मिरजेच्या क्षारपड पट्ट्यातली विहीर, जड पाण्याचा क्षार एफपीसीच्या अर्ध्या इंची नळीत धरला की पाणी फिरणं मंदावतं आणि शेवटी पॅनेल तापलेलं, टाकी गार अशी अवस्था होते. ईटीसीची नळी रुंद असते, गाळ तळाशी बसतो, नळी काढून धुता येते. आधी पाणी तपासून घ्या. कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर साधी एफपीसी आम्ही सुचवणार नाही. नदीचं नळपाणी येणाऱ्या सातारा-सांगली शहरात मात्र तीच जास्त वर्षं टिकते, पहिला खर्च जास्त असला तरी.

दोन्ही अडचणींवर एकच महागडा उतारा आहे: हीट एक्स्चेंजरची एफपीसी. पॅनेलमध्ये वेगळं पाणी बंद फेऱ्यात फिरतं, तुमचं पाणी त्यात जातच नाही. क्षार पॅनेलपर्यंत पोचत नाही, आणि त्या फेऱ्यात पाव भाग प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलं तर उणे दहाच्या आसपासपर्यंत ते गोठत नाही. गाडीचा कूलंट ओतू नका. तो बहुधा एथिलीन ग्लायकॉलचा असतो, विषारी. त्या फेऱ्याची टाकीतली वेटोळी नळी, म्हणजे कॉइल, गळली तर तो आंघोळीच्या पाण्यात उतरेल. वेण्णा तलावाजवळ कायम राहणाऱ्याने हाच घ्यावा, बजेट नसेल तर जाळीसकट ईटीसी.

साधी एफपीसी आधीच बसवलेली असेल, तर ‘रात्री नळ बारीक सोडून ठेवा’ हा सल्ला कामाचा नाही. नळाला पाणी टाकीतून येतं, पॅनेलमधलं जागचं हलत नाही. त्यापेक्षा टाकी आणि पॅनेल यांच्यामधल्या दोन्ही पाइपांवर व्हॉल्व्ह घ्या, कडाक्याच्या रात्री ते बंद करून पॅनेलचा खालचा प्लग उघडा. सकाळी ऊन चढायच्या आत प्लग लावून व्हॉल्व्ह उघडायला विसरू नका.

कोणताही घ्या, तोंड दक्षिणेला, आणि हिवाळ्यासाठी कल २७ ते ३२ अंश. हवेचा उभा पाइप सोलरला पाणी देणाऱ्या गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा उंच न्या आणि तोंड मोकळं ठेवा. ते बुजलं तर पाणी काढताना टाकी आत ओढली जाऊन चेपते.

राहता राहिली खाली येणारी लाइन. ‘सोलरचं पाणी येईपर्यंत अर्धी बादली वाया जाते’ ही तक्रार बहुतेक इथलीच असते. एक इंची सीपीव्हीसीच्या, म्हणजे गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिक पाइपच्या, १५ मीटरमध्ये सुमारे साडेसहा लिटर पाणी पडून गार होतं, पाऊण इंचीत पावणेचारच्या आसपास. एकच बाथरूम असेल तर पाऊण इंची पुरते. साधा यूपीव्हीसी, म्हणजे गार पाण्याचा प्लास्टिक पाइप, गरम पाण्याला लावू नका, तो मऊ पडून वाकतो. पाइपवर किमान १३ मिलिमीटरचं नायट्राइल फोम चढवा, सांधे आणि एल्बोसुद्धा झाका, आणि वरून अॅल्युमिनियमचा पत्रा किंवा टेप गुंडाळा. उघडं फोम उन्हाने भुगा होतं, उरलेलं कावळे टोचून नेतात.