थ्री-नॉट-थ्रीचं सामान: अस्सल घ्यावं की प्रतिकृती?

भुसावळची ऑर्डनन्स फॅक्टरी १९४९ची, वरणगावची १९६४ची. त्यामुळे आपल्या खानदेशात जुन्या लष्करी सामानाची ओढ असलेली माणसं निघावीत, यात नवल नाही. परवान्यावाचून रायफल घरात ठेवता येत नाही, म्हणून बहुतेकांचा जीव ली-एनफिल्डच्या, म्हणजे थ्री-नॉट-थ्री रायफलच्या, सुट्या सामानावर असतो: पट्टा, तेलाची बाटली, संगीन. याच वस्तू आज नव्यानं बनतात, आपल्या देशातही बनतात. प्रतिकृती म्हणून विकली तर त्यात वावगं काही नाही. ती अस्सलच्या भावात गळ्यात पडते, तेव्हा घेणारा नाडला जातो.

पट्ट्यापासून सुरुवात करा, कारण कापूस आपल्याला कळतो. अस्सल पट्टा जाड सुती विणीचा, टोकांना पितळ. कडेचा सुटलेला एक धागा चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखं जळून मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. मणी झाला की विषय संपला. सुती प्रतिकृती मात्र या परीक्षेत पास होते. तिच्यासाठी नोटा तपासायचा जांभळा दिवा आणा. आजच्या दोऱ्यातली शुभ्रतेची रसायनं त्याखाली निळसर चमकतात, जुनं सूत मंद राहतं. (जुना पट्टा कुणी वॉशिंग पावडरीनं धुतला असेल तर तोही चमकेल, एवढं लक्षात ठेवा.) यानंतर पट्टा कडीतून वळतो ती जागा उलगडून बघा. वापरलेला पट्टा तिथे घासलेला असतो आणि घडीच्या आत मूळ रंग टिकलेला असतो. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला पट्टा आतबाहेर सारखाच पिवळा दिसतो.

वीण भरड आहे म्हणून नकली ठरवू नका. दुसऱ्या महायुद्धात भारतात विणलेलं लष्करी वेबिंग (पट्ट्यांचं जाड सुती कापड) ब्रिटिश मालापेक्षा भरडच असे.

पितळी तेलाची बाटली रायफलच्या दस्त्यातल्या कप्प्यात बसते. झाकणाला आतून तेल काढायची चपटी काडी, आणि खाली चामड्याची चकती. चामड्याऐवजी रबर दिसलं तर चकती तरी नंतरची आहे, बाटलीही नीट तपासा. जुनं पितळ उंचवट्यावर उजळतं आणि आट्यांत काळवंडतं. रसायनात बुडवलेलं सगळीकडे एकसारखं काळं असतं.

खरी फसवणूक संगिनीत, कारण पैसा तिथे आहे. १९०७ नमुन्याच्या संगिनीचं पातं १७ इंची. त्यावरचं ‘१९०७’ हे नमुन्याचं वर्ष; ती घडली कधी ते त्याखाली महिना आणि वर्षाच्या आकड्यांत असतं. म्हणून ‘१९०७ सालची आहे, भाऊ’ असं सांगणाऱ्याला ते आकडे दाखवायला सांगा. सुरुवातीच्या संगिनींना मुठीपाशी हुकासारखा वाकडा भाग होता, तो १९१३ मध्ये बंद झाला. असा नग दुर्मीळ आणि महाग, म्हणून साध्या संगिनीला हुक जोडून विकतात. १९१६ सालच्या संगिनीला हुक दिसला तर भिंगातून वेल्डिंगची रेघ शोधा. ठशांची अक्षरंही बघा: अस्सल ठसा पोलादात खोल दाबलेला, त्याच्या कडा ठाम, ओतीव नकलेत अक्षरं साबण विरघळल्यासारखी गोलावतात. १२ इंची पातं दिसलं तर लगेच नाक मुरडू नका, भारतात लष्करासाठीच तशा आखूड संगिनी झाल्या.

माझं मत सरळ आहे. पट्टा भिंतीवर टांगायचा असेल तर सुती प्रतिकृती घ्या. तो ओढला-ताणला तरी जीव हळहळत नाही. बाटली अस्सलच घ्या, त्यावरचे ठसे वाचण्यातच गंमत आहे. संगीन अस्सल घ्यायची तर पावतीवर ‘मूळ’ हा शब्द आणि घडणीचं साल विक्रेत्याकडून लिहून घ्या. तो कचरला तर भाव प्रतिकृतीचाच द्या. आणि पैसे मोजण्याआधी पोलीस ठाण्यात चौकशी करा. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली नऊ इंचांहून लांब पात्याची संगीन शस्त्रांत धरतात, आणि अधिसूचित भागात तिला परवाना लागतो. प्रतिकृतीचं पातंही तेवढंच लांब असेल, तर हीच चौकशी तिच्यासाठीही करा.