पंचवटीतल्या लॉजला ‘अखंड वाय-फाय’च्या नावाखाली घातलेला गंडा

२०२७च्या सिंहस्थाची चाहूल लागल्यापासून पंचवटी, तपोवन, त्र्यंबक रोड, सगळीकडे लॉजवाल्यांनी कामं काढली आहेत. त्यातच ‘पूर्ण बिल्डिंगला अखंड वाय-फाय करून देतो’ म्हणत दारोदार फिरणारे वाढलेत. त्यातल्या एकाने आमच्याकडून ८५ हजार रुपये नेले आणि बसवला तो निव्वळ देखावा.

आमची इमारत जुनी, तळमजल्याच्या भिंती दगडी. रिसेप्शनच्या राउटरची रेंज मागच्या खोल्यांत पोचत नव्हती. यात्रेकरू हल्ली चावी घेतानाच पासवर्ड मागतात, आणि ‘नेट चालत नाही’ असा एक शेरा बुकिंग ॲपवर पडला की पुढचे बिचकतात. त्या माणसाने दिलेलं कोटेशन चोख होतं. प्रत्येक मजल्यावर छताला दोन ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय फेकणाऱ्या तबकड्या, प्रत्येकाला राउटरकडून नेट आणणारी स्वतंत्र कॅट-६ केबल, सगळ्यांना एकत्र सांभाळणारा एक कंट्रोलर. “काका, गच्चीवरून व्हिडिओ कॉल करत खाली उतरा, तुटला तर पैसे परत,” असं छातीठोकपणे म्हणाला. काम झाल्यावर फोन हातात धरून सगळीकडे फुल्ल दांड्या आणि एकच नाव दाखवलं, उरलेले पैसे घेतले. बिल मात्र ‘पाठवतो’वरच राहिलं.

पहिल्याच गर्दीच्या शनिवारी तक्रारी सुरू झाल्या. दांड्या फुल्ल, पण पेमेंट होईना. त्याला फोन केला की, “तुमच्या लाइनचाच प्रॉब्लेम आहे.” शेवटी नेट कंपनीचा मुलगा आला. राउटरला थेट वायर लावून पाहिलं तर १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण स्पीड देत होती. तिसऱ्या मजल्यावर जेमतेम ६. मग त्याने स्टुलावर चढून पॅसेजमधली पांढरी तबकडी फिरवून काढली. मागे केबल होती, तिला कनेक्टरही होता, पण तो कुठेच खोचलेला नव्हता. नुसता आत दुमडून ठेवलेला. तबकडीतला निळा दिवा जळेल एवढीच वीज तिला दिलेली. खरं नेट येत होतं फॉल्स सीलिंगच्या वर लपवलेल्या एका स्वस्तातल्या रिपीटरमधून, म्हणजे राउटरचा सिग्नल हवेतूनच पकडून पुढे फेकणाऱ्या डबीतून. बाकीच्या तबकड्यांचीही तीच गत. केबलची तार ब्लेडने खरवडली तर वर तांबं आणि आत चंदेरी ॲल्युमिनियम निघालं, आणि कोटेशनमध्ये स्वच्छ ‘प्युअर कॉपर’ लिहिलेलं.

यातली मेख लॉजवाल्यांनी समजून घ्या. साधा रिपीटर ज्या रेडिओवर सिग्नल घेतो त्यावरच पुढे फेकतो, म्हणून प्रत्येक टप्प्याला स्पीड साधारण निम्मा होतो. रिपीटरला जोडून आणखी रिपीटर, की चौथाई. फोनवरच्या दांड्या फक्त जवळच्या डबीची ताकद दाखवतात, तिच्यामागे नेट किती आहे ते नाही. सगळीकडे एकच नाव दिसणं हाही पुरावा नव्हे. ते कुठल्याही डबीला देता येतं. मोबाइलवर वाय-फाय ॲनालायझरचं फुकट ॲप टाका. कुठली डबी कुठल्या चॅनलवर, म्हणजे रेडिओच्या कुठल्या पट्ट्यावर आहे, ते त्यात दिसतं. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. नीट केलेल्या कामात शेजारशेजारचे पॉइंट वेगळ्या चॅनलवर असतात. आमच्याकडे सगळे राउटरच्याच चॅनलवर होते, रिपीटर तसाच चालतो.

म्हणून पैसे चुकते करण्याआधी कुठलीही एक तबकडी तुमच्यासमोर उघडायला लावा. लांबच्या खोलीत दार लावून स्पीड मोजा, दांड्या नव्हे. केबल खरवडून बघा. ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध जास्त असतो, केबलमधूनच वीज पुरवायची तर लांबवर ती कमी पडते आणि तार तापते. बॉक्सवरचा सिरियल नंबर बिलात लिहून घ्या आणि कंट्रोलरचा ॲडमिन पासवर्ड आपल्या ताब्यात घ्या. आमच्या बाबतीत कंट्रोलर नव्हताच, तरी त्याच्या ‘लायसन्स’चे पैसे लावले होते!

पोलिसांत अर्ज दिला आहे. ग्राहक आयोगाचं म्हणाल तर २०१९च्या कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला संरक्षण नाही. पण स्वतः राबून केवळ पोटापाण्यासाठी धंदा चालवणाऱ्याला त्यातून सूट आहे. घरच्या माणसांनी चालवलेल्या छोट्या लॉजला हा मुद्दा मांडता येतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जीएसटीचं बिल हातात नसेल, तर कोटेशन, बँकेतून पैसे गेल्याची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि उघडलेल्या तबकड्यांचे फोटो, यातलं काहीही डिलीट करू नका.