स्नायूंची ताकद मोजून देणारे राजारामपुरीतील केंद्र

कोल्हापुरात रंकाळ्यावर रोज फिरणाऱ्या माझ्या वडिलांना खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागला, तेव्हा मधुमेहाच्या गोळ्यांमुळे स्नायू क्षीण होत नाहीत ना, ही शंका घेऊन आम्ही राजारामपुरीतील एका फिजिओथेरपी केंद्रात गेलो. तेथे यंत्रावर मोजलेली त्यांच्या हाताची पकड २४ किलो भरली. २०१९ च्या आशियाई निकषांनुसार पुरुषांत २८ आणि स्त्रियांत १८ किलोंपेक्षा कमी पकड ही अशक्तपणाची खूण मानली जाते.

तपासणीपेक्षाही मला मोलाचे वाटले ते समजावून सांगणे. अनियंत्रित साखर स्वतःच स्नायूंची हानी करते, म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद करणे घातक आहे, हे तेथील मॅडमनी आधी स्पष्ट केले. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि त्यानेही अशक्तपणा येऊ शकतो. शिवाय २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, ६५ वर्षे व त्यावरील निरोगी व्यक्तींमध्ये वजनाच्या व्यायामाने होणारी स्नायूंची वाढ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत कमी आढळली, जरी ताकद दोन्ही गटांत वाढली. सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या व वजन घटवण्याच्या औषधाने वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर काही स्नायूही घटतात, हेही त्यांनी सांगितले.

केंद्र पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, ही उणीव मला गंभीर वाटते, कारण येथे येणाऱ्यांचेच पाय अशक्त असतात. तरीही आम्ही पुन्हा जाणार आहोत. डॉक्टरांनी बी-१२ची तपासणी लिहून दिली असून, वडील आता घरी रोज खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम करतात.