इंजिन 'झिरो टाइम' म्हणून घेतलं, कूलरमधून धातूचा चुरा निघाला

विमान स्वतःच्या हातांनी बांधलं आणि इंजिन घेताना फसलो. इंजिनाच्या शोधात असलेल्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय.

इंजिन लायकमिंग ओ-320, 160 अश्वशक्तीचं, हवेने थंड होणारं. विकणारा म्हणाला, 'ओव्हरहॉल झालंय, झिरो टाइम आहे.' म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त केलंय आणि चाललेल्या तासांची मोजणी पुन्हा शून्यापासून आहे. ऑइल कूलर वर फुकट दिला. लॉगबुक, म्हणजे तास आणि दुरुस्त्यांची नोंदवही, कोरं होतं, जुनं म्हणे हरवलं. तिथेच थांबायला हवं होतं. ओव्हरहॉलने तास शून्य होत नाहीत. अमेरिकी नियमांत शून्य तासांची नवी नोंद फक्त इंजिन बनवणारी कंपनी किंवा तिने मान्यता दिलेली संस्थाच देऊ शकते.

पहिल्याच उड्डाणात तेल तापायला लागलं. मर्यादा 118 अंश सेल्सिअस, काटा 115 वर गेल्यावर मी उतरलो. विकणाऱ्याला फोन केला, उत्तर मिळालं, 'तुमच्या बॅफलमधून हवा गळतेय. शिवाय इंजिन नवं आहे, थोडं तापणारच.' बॅफल म्हणजे थंड हवा सिलिंडरांभोवती वळवणारे पत्रे. मी विश्वास ठेवला. दोन महिने बॅफलच्या सिलिकॉन पट्ट्या बदलल्या, सिलिंडरांमधले पत्रे पुन्हा बसवले, काउलिंगमधून (इंजिनावरच्या आवरणातून) हवा बाहेर पडायची जागा वाढवली. तेल तसंच तापत राहिलं.

या सगळ्या काळात चारही सिलिंडर हेडचं तापमान 200 अंशांच्या खाली होतं, आणि याचा अर्थ मी लावलाच नाही. बॅफल गळत असते तर आधी हेड तापली असती. नव्या पिस्टन रिंगा बसताना वाढते तीही मुख्यतः हेडची उष्णता. हेड ठीक आणि तेल गरम, म्हणजे दोष तेलाच्या वाटेत, नाहीतर कूलरला मिळणाऱ्या हवेत. कूलरची हवा तपासली, ती ठीक होती. तेलाची थर्मोस्टॅट झडप गरम पाण्यात धरली, ती बरोबर लांबत होती. मग फिल्टर कापला. कागदाच्या घड्यांत धातू चमकत होता.

कूलर उलट्या दिशेने धुतला तेव्हा त्यातूनही चुरा पडला. तो आधीच्या एखाद्या मोडलेल्या इंजिनाचा असावा. असा चुरा साध्या धुण्याने पूर्ण निघत नाही, म्हणून वापरलेला कूलर फुकट मिळाला तरी घेऊ नका. या इंजिनात तेल कूलरमधून फिल्टरकडे जातं, त्यामुळे बराच चुरा अडला. पण फिल्टर तुंबला की बायपास झडप उघडते आणि न गाळलेलं तेल थेट बेअरिंगवर जातं.

इंजिन उघडलं. बेअरिंगचा वरचा थर झिजून खालचं तांबं दिसत होतं. ओव्हरहॉलमध्ये बेअरिंग नवीच घालावी लागतात, इथे जुनीच होती. बाहेरून मात्र ताजा रंग मारला होता.

पैसे द्यायच्या आधी जुनं लॉगबुक आणि बदललेल्या भागांची बिलं मागा. इंजिन समोर चालवून घ्या आणि फिल्टर तुमच्यासमोर कापायला लावा. प्रोपेलर कधी जमिनीला लागला होता का, हे लेखी घ्या. तसं झालं असेल तर इंजिन उघडून तपासल्याचा कागदही मागा.

विकणारा आता फोन उचलत नाही. माझा क्रँकशाफ्ट तपासणीला गेलाय.